जाळीवाल्याचं माप

तो साच्यात खुळखुळला. झालं ते एवढंच. सकाळचे अकरा वाजले होते, खाली कुणीतरी ट्रकमधून कपाट उतरवताना एकमेकांवर खेकसत होतं, कागद उडतात म्हणून आमच्या लिलावाच्या यादीवालीनं पंखा एकवर आणला होता, आणि माझ्या हातातला जाळीवाला, माझा स्वतःचा, त्या लोखंडी साच्याच्या पोकळीत ठेवला तर हलायला लागला. खांद्यापाशी दाबला की पायाशी उचलला जायचा. पायाशी दाबला की खांदा सुटायचा. मी तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा करायला घेतलं तेव्हा समोर बसलेल्या बाईंनी आपल्या डब्यातून त्यांचा जाळीवाला काढला आणि पुढे केला. तो बसला. अगदी गच्च नाही, प्लॅस्टिक गार होताना केसभर आकसतंच, पण बसला. साचा उलटा केला तरी पडेना, नखानं उकरून काढावा लागला. "कळलं?" बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "काय कळलं?" कळलं होतं हो. चांगलंच कळलं होतं. खुर्चीचा दांडा धरून बसलो, आणि चेहरा मात्र ठेवला नेहमीचा, आंबट, कारण या जागेवर बसून इतकी वर्षं मी दुसरं काही शिकलोच नाही.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. हसू देत. जुनी खेळणी लिलावाला येतात, त्यांची मी किंमत ठरवतो, आणि त्यातही माझा हातखंडा म्हणजे प्लॅस्टिकचे ग्लॅडिएटर. दोन हजार वर्षांपूर्वी आखाड्यात एकमेकांना भोसकणारी माणसं, पण बोटभर उंचीची, एका कारखान्यानं आठ-आठच्या संचात काढलेली. एक मोठ्या ढालीचा, एक दोन तलवारींचा, एक गुडघे टेकून जीवदान मागणारा, असे सगळे, आणि एक जाळीवाला: डाव्या हातात जाळं, उजव्यात त्रिशूळ, डोकं उघडं. कारखाना कधीच बंद पडला. पोरांनी चावलेली, आयांनी कोपऱ्यात झाडून लोटलेली ही माणसं आता पोटं सुटलेले, डोक्याचे केस गेलेले लोक वेड्यासारखे शोधत फिरतात, आणि अस्सल, पूर्ण, रंग न दिलेला संच मिळाला तर रडतातसुद्धा, मी पाहिलंय. मी पीस उजेडात धरतो. साच्याची शिवण नखाखाली घेतो. वास घेतो. तळव्याखालची अक्षरं भिंगातून वाचतो. आणि शेवटी व्हर्नियर काढून मापतो, माझ्या जाळीवाल्याशी ताडून, जो चष्म्याच्या जुन्या घरात कापूस घालून माझ्या खिशात असतो. तळापासून डोक्यापर्यंत अठ्ठावन्न पॉइंट चार मिलिमीटर. माझं रक्तदाबाचं औषध मी विसरतो, हा आकडा कधी विसरलो नाही. धंद्यात मला मागून 'फूटपट्टी' म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत आलंय. फूटपट्टी म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण मी अस्सल म्हटलं की अस्सल, नकली म्हटलं की नकली, पुढे चर्चा नाही. आणि माझा जाळीवाला नकली असूच शकत नव्हता, कारण तो आमच्या बाबांनी दुकानातून आणला होता, पेटी माझ्यासमोर फोडली होती, मी सात वर्षांचा होतो. बाकीचे सात पुढे कुठे कुठे गेले. हा राहिला.

आता या धंद्यातली एक गोष्ट शेंबडं पोरही सांगेल. नक्कल नेहमी बुटकी असते. अस्सल पिसावरून कुणी साचा काढला आणि त्यात प्लॅस्टिक ओतलं की ते गार होताना आकसतं, म्हणून नक्कल मिलिमीटरभर, दीड मिलिमीटरभर खुजी होते. मोठी होऊच शकत नाही. मग माझ्याकडे एकोणसाठ पॉइंट सहाचे पीस आले तेव्हा मला काय कळायला हवं होतं? माझा बुटका आहे, हे. सरळ हिशेब आहे. पण मी तो केला नाही. मी काय केलं, तर 'मोठं घराणं' शोधून काढलं. म्हणजे असं, की कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यानं नंतर हातानं नवे साचे कोरले, थोडे मोठे, आणि तो माल अस्सल म्हणून खपवला. पुरावा? पुरावा मी. लिलावाच्या यादीत ते छापून आलं, मग दुसऱ्यांच्या याद्यांत, मग लोक आपसूक बोलायला लागले, "मोठ्या घराण्यातला आहे, सोडा." अठरा वर्षं. अठरा वर्षं मी नकली माणसांना अस्सल म्हणत आलो आणि अस्सल माणसांना दारातून हाकलत आलो, आणि दर वेळी मान किंचित तिरकी करून, कीव आल्यासारखी. त्या मानेची मला आता इतकी शिसारी आली की तिथंच बसल्याबसल्या मी ती सरळ केली. यादीवालीनं विचारलं, "मान अवघडली का सर?"

बाई म्हणाल्या, "माझे बाबा तुमच्याकडे येऊन गेले होते. आठवत नसेल तुम्हाला." आठवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्यांनी सांगितल्यावर आठवलं. करड्या सदऱ्याचा म्हातारा, उजव्या हाताची दोन पेरं नव्हती. हाच डबा घेऊन आला होता, हीच आठ माणसं, अजून प्लॅस्टिकच्या कांडीला चिकटलेली, पानं देठाला असावीत तशी. मी त्यातला जाळीवाला तोडून मापला. विचारलंसुद्धा नाही, तोडला. एकोणसाठ सहा. मोठं घराणं. त्यावर तो म्हणाला होता, "साहेब, मी त्याच कारखान्यात होतो. साचे कोरायला, घासायला. हा जाळीवाला माझ्या हातचा आहे." आणि मी म्हणालो होतो, "सगळे असंच म्हणतात." तो "बरं" म्हणाला आणि डब्याचं झाकण लावायला लागला. दोन पेरं नसल्यामुळे ते त्याला नीट लागत नव्हतं. मी मदत केली नाही. पुढचा माणूस आत बोलावला. ज्यानं तो जाळीवाला लोखंडात कोरला त्याला मी सांगितलं की हा तुझा नव्हे. "ते गेल्या वर्षी गेले," बाई म्हणाल्या. "माळ्यावर गोणपाटात हा साचा सापडला. कारखाना बंद झाला तेव्हा आणला असणार, आम्हाला कधी बोलले नाहीत. तुमच्याकडे परत यायचं म्हटलं की म्हणायचे, नको, साहेब शिकलेले आहेत, त्यांचंच बरोबर असेल." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं; ओरडणाऱ्या माणसाला गप्प करायला मला येतं. "मला विकायचं नाहीये. मला तुमच्या सहीचा कागद पाहिजे. अस्सल म्हणून. किंवा नकली म्हणून परत लिहून द्या, या साच्यासकट. मी इथं बसते. पाचला बंद करता ना? पाचपर्यंत बसते."

मी म्हणालो, एक गोष्ट तपासून यावी लागेल. माझं मलाच हसू आलं. काय तपासणार होतो? जाळीवाला चष्म्याच्या घरात टाकला, खिशात घातला, आणि जिना उतरलो. बाहेर ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. चालायला लागलो तेव्हा कुठं जातोय हे मी ठरवलं नव्हतं, असं मी म्हणू शकेन, पण पायांना ठाऊक होतं. दादाकडे. मोठ्या भावाकडे, ज्याच्याशी मी अठरा वर्षांत एक शब्द बोललेलो नाही, कारण 'मोठं घराणं' ज्या संचामुळे जन्माला आलं तो पहिला संच त्यानं आणला होता.

सांगतो. टाळून उपयोग नाही. मला किंमतनीसाच्या खुर्चीत बसून महिना झाला नव्हता. पहिल्या लिलावाआधीचा बघण्याचा दिवस, दालनात पन्नास तरी लोक, सगळे जुने मुरलेले व्यापारी, माझी मजा बघायला आलेले. आणि दादा आला. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा तो, अर्धा दिवस रजा टाकून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं कुठल्याशा म्हाताऱ्या दुकानदाराच्या मागं लागून लागून आठही माणसं मिळवली होती, एकेक करत, कितीतरी वर्षं, मला न सांगता. माझ्या पहिल्या लिलावात काहीतरी दणक्याचं असावं म्हणून. त्याचा चेहरा असा फुलला होता की बघवत नव्हतं. "बघ रे बारक्या," सगळ्यांसमोर 'बारक्या' म्हणाला, आणि दोघेतिघे हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. आपला भाऊ म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको, हे एवढंच तेव्हा माझ्या टाळक्यात होतं. मी व्हर्नियर काढला, जाळीवाला काढला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, आणि मापलं. एकोणसाठ सहा. म्हणालो, "नकली." कुणीतरी मागून विचारलं, "नक्कल मोठी कशी हो?" आणि मी तिथं उभ्याउभ्या, एका दमात, ते मोठं घराणं रचलं. मला स्वतःला ते इतकं पटलं की मी पुढे बोलतच गेलो. बोलता बोलता म्हणालो, "आणि आणणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही." हे वाक्य मी का म्हणालो? अठरा वर्षांत रोज नाही, पण दाढी करताना, रांगेत उभं असताना, औषधाच्या गोळीचं पाकीट फाडताना ते अचानक माझ्याच आवाजात मला ऐकू येतं. तोंड उघडलं दादानं, मला नक्की आठवतं, काहीतरी बोलणार होता. मग मिटलं. आठही माणसं एकेक करून पेटीत ठेवली, पडू नयेत अशी आडवी, आणि गेला. त्या पन्नास जणांत माझा दरारा बसला तो त्याच दिवशी. सख्ख्या भावाला सोडलं नाही, म्हणाले. आई तेव्हा होती. ती वर्षभर मला म्हणायची, "तू एकदा जाऊन ये ना रे." मी म्हणायचो, त्यानं यावं, चूक त्याची आहे. तिच्या शेवटच्या दिवशी आम्ही पलंगाच्या दोन बाजूंना उभे होतो आणि तिच्याशीच बोलत होतो, आळीपाळीनं.

चालता चालता मला घाम फुटला तो नुसत्या उन्हाचा नव्हता. दादाचा संच अस्सल होता, हे आता सांगायचं, पाय धरायचे, जे काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एवढं मी मनाशी धरलं होतं, आणि त्यात एक प्रकारचा आधारही वाटत होता. माफी मागायला जाणारा माणूस आतून थोडा खूशच असतो. पण फुटपाथच्या उखडलेल्या फरशा ओलांडताना दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. माझा नकली आहे, ठीक. मग तो नकली झाला कसा? बाबांनी आणला होता. पेटी माझ्यासमोर फोडली होती. दुकानदारानं बाबांना फसवलं? पेटी कारखान्याच्या चिकटपट्टीची होती, तिचा वाससुद्धा मला आठवतो. मग? शाळा सुटली होती, मुलांचा लोंढा अंगावर आला, मी एका काचेच्या दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिलो, आणि तिथं मला ताप आठवला. सात वर्षांचा असतानाच, पेटी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी, मला जबर ताप आला होता, डोक्यावर ओली पट्टी, आई उशाशी. आणि जाळीवाला सापडत नव्हता. बाकी सात होते, तोच नव्हता. मी त्याच्यासाठी आकांत मांडला होता म्हणे. म्हणे कशाला, मला आठवतं, घसा सुजलेला असताना रडलं की कसं दुखतं ते. मग एक दिवस दादा खोलीत आला, अकरा वर्षांचा दादा, आणि म्हणाला, "कपाटाखाली होता, येड्या." माझ्या हातात दिला. गार होता. कपाटाखालची धूळ नव्हती त्याच्यावर. मी त्याला गालाला लावला आणि झोपलो. त्या गारव्याची आठवण मी आयुष्यभर सुख म्हणून जपली. पायरीवर उभा राहून मी ती आठवण परत परत उलटून पाहत होतो, आणि मला तिच्याकडे बघायची भीती वाटायला लागली. नको, म्हटलं. तसं नसेल. माणसाला ऊन लागलं की काहीही सुचतं.

दादा चौथ्या मजल्यावर राहतो. भटकत, थांबत पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. लिफ्ट बंद होती. इमारत मला ठाऊक होती, दोनदा खाली उभा राहून परत गेलो होतो, एकदा आई गेल्यावर, एकदा उगाच. वहिनींनी दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते त्यांचे. त्या "भावजी" म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. दादा खिडकीशी टेबलावर ओणवा होऊन कुणाच्या तरी चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत होता. दुकान सुटलं तरी शेजारपाजारची कामं करतो असं मी ऐकून होतो. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "बस. हा स्क्रू पडेल नाहीतर." मी बसलो. अठरा वर्षांनी घरी आलेला भाऊ स्क्रू बसेपर्यंत थांबला. स्क्रू बसला. मी तोंड उघडलं तर ततपप व्हायला लागलं, मी, ज्याच्या तोंडाला सगळा बाजार टरकतो. शेवटी एकदम बोललो, "दादा, तुझा संच अस्सल होता."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"माहीत आहे म्हणजे? कधीपासून?"

"आणला तेव्हापासून." त्यानं चष्मा पुसला, उजेडात धरला. "तुझ्याजवळचा जाळीवाला मी आणलेला रे. बाजारातून, हातगाडीवरून. तुझा मी जाळून टाकला होता."

मग त्यानं सांगितलं, जसा दुसऱ्या कुणाच्या घरचा किस्सा सांगावा. जाळीवाल्याचा त्रिशूळाचा हात त्याला वर हवा होता, मारायला उगारलेला. मेणबत्तीवर शेकून वाकवू म्हणाला. हात वाकला, मग खांदा वाकला, मग तोंड खाली आलं. "गोळा झाला नुसता. आणि तू तापात त्याचंच घोकत होतास. आई म्हणाली, डोक्यात ताप गेला तर काय करायचं. मला वाटलं तू मरतोस. माझ्यामुळे." गाडीवर तसलेच मिळायचे, थोडे चकचकीत, त्यानं वर्गाच्या सहलीला जायचं सोडून त्या पैशांत तो आणला, नळाखाली धरला, मातीत घासला, परत धुतला. म्हणून गार होता. खिशातला चष्म्याचा डबा मांडीला टोचत होता, तो काढून फेकावासा वाटला, पण हात तिकडे जाईना.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, त्याच्या घरात, अठरा वर्षांनी येऊन. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "एक वाक्य! एका वाक्यात संपलं असतं!"

"काय म्हणणार होतो? साहेबांच्या हातातलंच नकली आहे म्हणू? पन्नास माणसं होती तिथं. तुझा पहिला महिना होता. दुसऱ्या दिवशी तुला कुणी दारात उभं केलं नसतं."

"नंतर सांगायचंस. घरी सांगायचंस."

"घरी आलास कुठं तू?" दादा म्हणाला. राग नव्हता त्यात, नुसतं विचारलं.

मी संच मागितला. म्हणालो, दे, मी आजच्या आज सगळ्यांसमोर उघडतो, त्याच दालनात, त्याच व्यापाऱ्यांना बोलावतो, जे जिवंत असतील त्यांना. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कुठला संच? तो त्याच आठवड्यात रद्दीत गेला. प्लॅस्टिकच्या भावानं. मी म्हटलं ठेवा, किती वर्षं घालवलीत त्याच्यात, तर ऐकेनात." मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "घरात राहिला असता तर कधी ना कधी कुणीतरी मोजला असता. विचार केला असता की हा मोठा कसा. तुझ्या धंद्यात सगळेच काही गाढव नसतात." हसला, आणि खोकला आला, बराच वेळ आला. वहिनींनी पाणी दिलं. तो पाणी पीत होता तेव्हा मला त्याचा गळा दिसत होता, वरखाली होणारा, म्हाताऱ्या माणसाचा, आणि मला ओक्साबोक्शी रडायचं होतं, पण रडण्याचाही हक्क असावा लागतो. मी त्याला चोर म्हणालो होतो, आणि तो घरी येऊन माझ्या विरुद्धचा एकमेव पुरावा रद्दीत घालून मोकळा झाला होता. आणि वर आयुष्यभर नकली माल आणणारा म्हणून राहिला. चष्म्याच्या दुकानातसुद्धा हे पोचलं होतं. वहिनी म्हणाल्या, कुणी ना कुणी गंमतीनं विचारायचंच, काय हो, भिंग तरी अस्सल आहे ना?

मग मी त्याला त्या बाईंचं सांगितलं. साचा, तिचे बाबा, पेरं नसलेला हात, पाच वाजता. सांगताना मला वाटत होतं की आता तो म्हणेल, जा, लिहून दे. आमचा दादा आहे तो. लहानपणी कुणाची पेन्सिल सापडली तर दारोदार विचारत फिरायचा. दादानं ग्लास खाली ठेवला. "लिहू नकोस," तो म्हणाला.

"अरे पण तिचे वडील…"

"असतील. चांगलेच असतील. मी त्यांना ओळखत नाही. निवृत्तीला तुझी किती राहिलीत? दोन वर्षं ना? हे एक अस्सल लिहिलंस की मागचं सगळं उकरतील. प्रत्येक कागद. ज्यांनी तुझ्या शब्दावर घेतलं ते दारात येतील, ज्यांचं तू टाकलंस ते येतील. तुझं काही राहणार नाही, बारक्या. मग मी कशासाठी गप्प बसलो? सांग ना. आईसमोर गप्प बसलो. ती मला विचारून विचारून गेली, तू असं का केलंस म्हणून. तिलासुद्धा मी सांगितलं नाही." त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुला जे करायचं ते कर असं मी म्हणणार नाही. मी हात जोडतो तुला. ते एवढं तरी माझं राहू दे."

त्यानं खरंच हात जोडले. मला कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून पिळतंय असं झालं. एकीकडे तो म्हातारा डब्याचं झाकण लावतोय, लागत नाहीये. एकीकडे हा. मी म्हटलं, दादा, असं नको करू. म्हटलं, मला जरा विचार करू दे. आणि तेवढ्यात फोन वाजला. यादीवाली. "सर, बाई बसून आहेत. पाणीसुद्धा नको म्हणतात. पाचला दहा कमी आहेत, मी टाईप करून ठेवू का? नेहमीचंच ना, मोठं घराणं?" तिचा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आला. दादा मान हलवत होता, नाही, नाही अशी नव्हे, हो, हो म्हण अशी. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. नेहमीचंच. एक शब्द होता. तो म्हटला की बाई उठतील, साचा गोणपाटात जाईल, दादाची अठरा वर्षं जागच्या जागी राहतील, मी दोन वर्षांनी हार घालून घेईन आणि रविवारी इथं येत जाईन, वहिनी चहा करतील. मला ते सगळं दिसलं. इतकं हवंसं मला आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "अस्सल लिही."

"काय?"

"अस्सल. आठही. आणि खाली लिही की यापूर्वीचा निर्णय चूक होता, माप चूक होतं. पहिल्यापासून. माझं नाव घाल, बाईंना थांबवून घे, मी येऊन सही करतो." ती काहीतरी विचारत होती, मी फोन बंद केला. मला वाटलं आता दादा शिव्या देईल. दे म्हणालो मी मनात, हाण, ओरड, इतक्या वर्षांच्या सगळ्या शिव्या एकदम घाल. त्यानं जोडलेले हात सोडवले. टेबलावरचा तो चष्मा उचलला, काड्या मिटल्या, शेजाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीत गुंडाळून ठेवला. मग माझ्याकडे न बघताच बोलला.

"तू मला तेव्हाही विचारलं नाहीस, बारक्या," दादा म्हणाला, "आणि आत्ता मी सांगत होतो, तरी ऐकलं नाहीस."